पोचतात्यांचं तिसरं उत्तर

पोचतात्यांनी मला सांभाळलं, हे पहिल्यांदा लिहून टाकते. काय घडलं ते नंतर. घडलेलं सांगायला लागले की मी आधी माझी बाजू सांगत बसते, आणि ज्या माणसाचं नाव पुढे यायला हवं ते मागे राहून जातं. तसं एकदा झालेलं आहे, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

तात्यांना तुम्ही कुठेही भेटलात तरी पाच मिनिटांत ओळखाल. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा आणि तोंडात एकच प्रश्न, "पोच?" चहा सांगून आलेल्याकडून पोच. दार लावून आलेल्याकडून पोच. एस.टी.त कंडक्टर "पुढं सरका" म्हणाला की हे दोन पावलं सरकून मागे वळून ओरडणार, "सरकलो हो मास्तर, पोच घ्या!" तरुणपणी ते एका दूध संस्थेत लिखापढीला होते. दुधाचे कॅन शीतकरण केंद्राकडे गेले की तिथून 'पोचले' अशी सही केलेली चिठ्ठी यायची, आणि ती हातात पडल्याशिवाय तात्या घरी जायचे नाहीत. पुढे संस्थेत कॉम्प्युटर आला. तात्या त्याच्यापुढे बसले ते उठलेच नाहीत, स्वतःचे स्वतः शिकून प्रोग्राम लिहू लागले. पण चिठ्ठीची सवय गेली नाही. त्यांच्या घरच्या काकू म्हणायच्या, "लगीन झाल्यापास्नं ह्यांना पोच देऊन देऊन माझं तोंड दुखाय लागलंय. वर गेले तरी तितनं मलाच पोच मागतील." त्यावर तात्या अगदी शांतपणे, "मग तू आधी जा, आन् देऊन ठेव."

मी वाशीम जिल्ह्यातली. नववीनंतर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी मारून-मुटकून काढली नाही. पाहुणे आले होते, स्थळ सांगून आलं होतं. बाबांनी चारचौघांत विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मी मान खाली घातली. मामा म्हणाले, "गप्प आहे, म्हणजे होच आहे." दुसऱ्या दिवसापासून दप्तर खुंटीला. चार महिन्यांनी त्या लोकांनीच नकार कळवला. पण शाळा गेली ती गेलीच. मग गावातल्या एका ओळखीच्या बाईंच्या मागून मी इतक्या लांब इंदापूरच्या बाजूला आले. तिथे डाळिंबं निवडून, खोक्यांत भरून बाहेर पाठवायचं एक पॅकहाउस होतं. मी खोक्यांवर लेबलं चिकटवायचे.

तात्यांनी मला तिथे पाहिलं. पॅकहाउसचा प्रोग्राम त्यांनीच पूर्वी लिहिलेला. काहीतरी दुरुस्तीला ते आले होते. खोक्यांच्या थप्पीपाशी थांबले आणि म्हणाले, "ह्ये पेनानं कुणी लिवलंय?"

"मी जी. मशीन एकच नंबर दोन लॉटला देतं कधी कधी. घोळ नको म्हणून मी बाजूला आपलं अ आणि ब लिहिते."

"जी? कुठली गं तू?"

"वाशीमची."

"एवढ्या लांबनं येऊन माझीच चूक काढलीस व्हय, वाशीमकर?"

त्या दिवसापासून मी वाशीमकर. महिन्याभरात त्यांनी मला प्रोग्राम लिहिणाऱ्या त्यांच्या बारामतीच्या ऑफिसात आणलं. आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, म्हणाले, "तात्या, नववी शिकलेली मुलगी प्रोग्रामला हात कशी लावणार?" तात्यांनी नाकावरचा चष्मा नीट केला. "मी अकरावी नापास हाय सायेब. मला कधी काढताय?"

ऑफिसात काम कसलं, तर तात्यांचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे प्रोग्राम नीट लावायचं. नव्या कॉम्प्युटरवर ते धड चालत नव्हते. सगळं फेकून नवं लिहावं तर गिऱ्हाइकाचा धंदा थांबतो. म्हणून चालू प्रोग्रामचा एकेक तुकडा बाहेर काढायचा, साफ करायचा, पुन्हा जागेवर बसवायचा. त्या तुकड्याला प्रोसिजर म्हणतात. मला तात्यांनी ती अशी समजावली: "ह्यो एक गडी हाय असं समज. हाक मारली की जातो, काम करतो, आन् परत येऊन काय झालं ते सांगतो. काम कसं केलं ते मागनं बघू. आधी बघायचं, परत येऊन बोलला काय, आन् ते ऐकलं कुणी."

त्यासाठी एक शंभर पानी वही होती. एका प्रोसिजरला एक पान. पानावर तीन रकाने: हाक कोण मारतं, उत्तर काय येतं, उत्तर कोण ऐकतं. तिसरा रकाना भरल्याशिवाय प्रोग्रामला हात लावायचा नाही. आणि उत्तरं तीन. एक म्हणजे हो. शून्य म्हणजे नाही. दोन म्हणजे अजून नाही, थांबा. नवीन मुलं हसायची, म्हणायची, हो आणि नाही पुरे की. तात्या म्हणायचे, "निम्मं जग 'अजून न्हाय'वर चाललंय बाबांनो. तुमचीच लग्नं घ्या की."

मला त्या तिसऱ्या उत्तराची गरज आहे हे त्यांना लवकर कळलं असावं. एकदा त्यांनी मला पेन ड्राइव्ह आणायला पाठवलं. दुकान बंद होतं. मी परत येऊन गुपचूप जागेवर बसले, म्हटलं दुपारी पुन्हा जाऊ. तासाभरानं तात्यांनी टेबलावर दोन बोटं वाजवली. "पोच?"

"दुकान बंद होतं जी."

"मग तसं बोल की! मी हितं वाट बघत बसलोय, आन् तू हितंच बसलीयास. नकार घेऊन आलीस तरी चालंल मला. पर येऊन गप बसू नगंस." मग म्हणाले, "ही जी जुनी भाषा हाय न्हवं आपल्या प्रोग्रामची, तिला एक खोड हाय. गडी परत आला आन् कायबी न बोलता हुबा ऱ्हायला, तर ती तेचं 'व्हय' धरती."

"काहीच सांगितलं नाही तरी हो?"

"तरी व्हय. गप म्हंजे व्हय."

मला एकदम मामांचा आवाज ऐकू आला. मी तात्यांना काही बोलले नाही. पण त्या संध्याकाळी ते खुर्चीवरून उठताना म्हणाले, "दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा का, बाहेरनं परीक्षेला बसायचा? लगीच सांगू नगंस. पर सांग." मी दोन दिवसांनी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात मी तोंडानं म्हटलेलं ते पहिलं हो असेल.

एवढं शिकवूनही मी जे केलं ते आता सांगते.

पॅकहाउसच्या प्रोग्रामात 'माल तपास' नावाची एक प्रोसिजर होती. डाळिंबावर शेवटची फवारणी कधी झाली आणि तोडणी कधी झाली, ते ती बघायची. औषधाप्रमाणे मध्ये ठरावीक दिवस जावे लागतात, नाहीतर औषध फळात राहतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. दिवस भरले असतील तर एक, नसतील तर शून्य, माहिती अपुरी असेल तर दोन. मी सगळा प्रोग्राम धुंडाळला. चौदा ठिकाणी तिला हाक मारलेली, पण एकाही ठिकाणी तिचं उत्तर घेतलेलं नव्हतं. उत्तर द्यायच्या प्रोसिजरच्या नावापुढे तात्या नेहमी 'का' लावायचे: 'साठाआहेका', 'गाडीआलीका'. हिच्या नावात 'का' नव्हता. मी तिसऱ्या रकान्यात 'कुणी नाही' असं लिहिलं आणि उत्तर द्यायची ओळ काढून टाकली.

विचारायचं होतं. तात्या त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. साखरेनं त्यांचे डोळे उतरत चालले होते. फोन करता आला असता. पण साहेब मागे उभे राहून म्हणाले, "झालं का? की यालाही तात्याच लागतात?" मी म्हटलं, "झालं." दुसऱ्या दिवशी तो प्रोग्राम पॅकहाउसला बसवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. मी उचलला. पॅकहाउसच्या गेटवरचे रामभाऊ होते. माल भरून गाडी बाहेर जाताना पास तेच देतात. "तुमच्या मशिनीला काय झालंय वो? दोन दिस झालं एकबी गाडी अडवंना. दिसाआड एखादा तरी लॉट तांबडा दावायची. आता समद्यास्नीच हिरवं. न्हाय म्हंजे बरं हाय, भांडणं कमी झाली. पर इचारावं म्हणलं."

गेटवर वेगळा जुना कॉम्प्युटर होता. त्यावर तात्यांचाच एक छोटा प्रोग्राम, जो माझ्या फायलींत नव्हताच. तोच एकटा 'माल तपास'चं उत्तर ऐकायचा. माझ्या डोळ्यांसमोर सगळं एका क्षणात उभं राहिलं. प्रोसिजर परत येत होती, गप्प उभी राहत होती, आणि गेट हिरवं होत होतं.

"बघते," म्हणून मी फोन ठेवला.

तात्या त्यांच्या जागेवर होते. "कुणाचा व्हता?"

"रामभाऊंचा. असंच जी."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

मी स्क्रीनकडे बघत बसले. ओळ परत घालावी, गुपचूप नवा प्रोग्राम पाठवावा, कुणाला कळणार नाही, असं डोक्यात चाललं होतं. हात मात्र चालत नव्हता. काढून टाकतील. खोली सोडावी लागेल. वाशीमला परत जाऊन काय सांगायचं? दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. या विचारांत किती वेळ गेला ते तेव्हा मला कळलं नाही. नंतर कळलं.

शेवटी तात्याच उठून माझ्यामागे आले. वाकून बघू लागले, पण त्यांना अक्षर नीट दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. त्यांनी फक्त दोन बोटं टेबलावर वाजवली. मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फोन उचलला. "रामभाऊ, एकबी गाडी सोडू नका. मशीन आंधळं झालंय. मालाचं रजिस्टर घ्या आन् दोन दिसांतला एकेक लॉट वाचून दावा." तिकडून रामभाऊ वाचत गेले, मी लिहीत गेले, तात्या मनात दिवस मोजत गेले. बाकी लॉट ठीक होते. एक निघाला वरकुट्याच्या एका शेतकऱ्याचा. फवारणीनंतर चौथ्याच दिवशी तोडणी. आणि त्या मालाची गाडी नुकतीच गेटबाहेर पडली होती.

ड्रायव्हरला फोन लागेना. पुन्हा, पुन्हा. मला ती डाळिंबं पिशवीत घेऊन घरी जाणारी माणसं दिसत होती, सोलून लेकराच्या हातावर दाणे ठेवणारी बाई दिसत होती. भिगवणच्या पुढे एका चहाच्या टपरीवर त्यानं फोन उचलला. तात्या म्हणाले, "बाबा, चा पी, आन् गाडी फिरव. पर आधी मला म्हण, फिरवतो." तो म्हणाला, "फिरवतो." तेव्हा कुठे तात्या खुर्चीत बसले.

दुपारी आम्ही पॅकहाउसला पोचलो तेव्हा गाडी परत येऊन उभी होती आणि शेतकरी तिच्याजवळ होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तात्यांना म्हणाले, "तात्या, तोडणीला माणसं पुन्हा मिळाली नसती म्हणून तोडला माल. पर फवारणीची तारीख मी खरी लिवली व्हती. लपवली न्हाय. माल अडवतील, हितंच ठिवतील, असं धरूनच आलो व्हतो. तुमी ती वाचलीबी न्हाय?"

तात्यांनी मान हलवली. "न्हाय वाचली. चुकलं."

मग पॅकहाउसच्या ऑफिसात सगळे बसलो. आमचे साहेब बारामतीहून आले होते. तिथले मॅनेजर, रामभाऊ, तात्या आणि मी. मॅनेजरनी विचारलं, ती ओळ कुणी काढली? तात्या म्हणाले, "ती प्रोसिजर माझी. सगळ्यात जुनी. नावात 'का' लावायची सवय तवा मला नव्हती. गेटवरचा प्रोग्राम तिला इचारतो ह्ये माझ्या डोक्यात व्हतं, कागदावर कुठंच नव्हतं. तवा चूक माझी."

साहेबांनी पुढे विचारलं, "रामभाऊंचा फोन अकराला आला. गाडी सुटली त्यानंतर. मग मधल्या वेळात काय करत होतात?"

"हलायला उशीर झाला आमाला."

"आमाला म्हणजे कुणाला?"

तात्या म्हणाले, "मला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे का?"

रामभाऊ माझ्याकडे बघत होते. फोन मी उचलला होता हे त्यांना माहीत होतं. तात्या माझ्याकडे बघत नव्हते. मी मान खाली घातली. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि मॅनेजरना म्हणाले, "ठीक आहे. कळलं आम्हाला."

मी गप्प होते. ते त्यांनी हो धरलं.

महिनाअखेरीला साहेब तात्यांना म्हणाले, "आता आराम करा. डोळेही साथ देत नाहीत." तात्यांनी दोन्ही चष्मे एकाच डबीत ठेवले, डब्याची पिशवी घेतली. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. नंतर मी 'माल तपास'चं पान उघडलं. तिसऱ्या रकान्यातलं माझं 'कुणी नाही' खोडलेलं नव्हतं. त्याच्या खाली, रेघ सोडून वाकड्या जाणाऱ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं: 'गेट. रामभाऊ.'

आठ दिवसांनी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, ओळ मी काढली, फोन मी घेतला, उशीर मी केला. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "विषय मिटलाय. नववी शिकलेल्या मुलीनं हात लावला होता हे पॅकहाउसवाल्यांना कळलं तर ते उद्याच दुसरीकडे जातील. मग तुझं इथलंही अवघड होईल. बाहेर कुठे बोलू नकोस." मी पुन्हा काही बोलले नाही. आजही पॅकहाउसला काही अडलं की तिथले लोक हसून म्हणतात, "तात्यानं पुन्हा गेट उघडं ठिवलं वाटतं." मी प्रोग्राम दुरुस्त करते आणि ऐकून घेते.

परीक्षा झाल्यावर एका रविवारी मी लोणी भापकरला त्यांच्या घरी गेले. तात्या अंगणात खाटेवर बसले होते. पावलांवरून ओळखलं. "वाशीमकर? पोच?"

मी सांगितलं. पेपर कसे गेले ते, साहेबांना सांगितल्याचं, साहेब काय म्हणाले ते. मग म्हटलं, "तात्या, त्या दिवशी फोन आल्यावर मी तासभर गप्प बसले होते."

"चाळीस मिनिटं," तात्या म्हणाले. "तू बोललीस अकरा चाळीसला, गाडी अकरा पस्तीसला सुटली. पासवर येळ छापलेली असती."

"तुम्हाला माहीत होतं? मग तिथे बोलला का नाहीत?"

"तुझ्या वाटचं मी कसं बोलू?"

काकूंनी आतून चहा आणला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पोरीला रडवलंत व्हय आल्या आल्या? हिच्याकडनं तरी पोच मागू नका आज." तात्या हसले नाहीत.

मी विचारलं, "आता मी काय करू? मॅनेजरना, रामभाऊंना सगळ्यांसमोर सांगितलं तर नोकरी जाईल जी. नाही सांगितलं तर लोक तुमच्या नावानं हसतात."

त्यांनी चाचपडत कप खाली ठेवला. "लोकांचं हसणं मला हितवर ऐकू येत न्हाय. ती काळजी करू नगंस. सांगायचं का न्हाय, ते तुझं तू ठरीव. पर मुका जबाब दिऊ नगंस, कुणालाच. ठरलं नसंल तर ठरलं न्हाय म्हण. आकडा हाय की तेला."

निघताना ते वाटेपर्यंत आले. "बारामतीत पोचलीस की फोन कर." मी केला. आता दर रविवारी करते. त्यांना अक्षर दिसत नाही म्हणून वहीतलं एकेक पान वाचून दाखवते. माझ्या हातून आता एकही प्रोसिजर गप्प परत येत नाही. ज्यांचं उत्तर कुणी ऐकत नाही असं वाटतं, त्यांचंही मी काढत नाही. आधी गेटवर जाऊन बघून येते.

पण माझं स्वतःचं उत्तर त्या टेबलावर अजून पडूनच आहे. भीती गेलेली नाही, आणि गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. म्हणून तात्या, तुम्ही दिलेला आकडा वापरते. माझं उत्तर दोन. हो नाही, पण नाहीही नाही. दहावीचा निकाल हातात येऊ दे, हे काम सुटलं तरी दुसरीकडे उभी राहीन एवढं बळ येऊ दे. मग तुमचा हात धरून मी तुम्हाला पॅकहाउसच्या त्याच ऑफिसात नेईन. रामभाऊंना बोलावीन, मॅनेजरना, साहेबांना. आणि जे तुम्ही तुमच्या नावावर घेतलंत ते सगळ्यांसमोर, मान वर करून, माझ्या नावावर परत घेईन. त्या दिवशी तुम्ही टेबलावर दोन बोटं वाजवायच्या आधी माझी पोच तुम्हाला मिळालेली असेल.